मोहोराचा हिशेब की आंब्याचा?



मे महिन्यात आम्ही राजापूरला आपाकडे गेलो होतो. दुपारची जेवणं उरकल्यावर दूल्हाभाईंनी अढीतले हापूस आणून पाटावर ठेवले. बारा फळं कापली. आठ अशी निघाली की सालही चाटून खावी. उरलेल्या चारांत साका.

ज्यांच्या घरी बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो. साका बाहेरून कळत नाही. फळाचा रंग, वास, आकार सगळं बिनचूक असतं. सुरी घातली की बाठ्याजवळचा गर पांढरट, भुसभुशीत आणि बेचव लागतो. बागायतदार पेटी भरताना साका ओळखू शकत नाही, दलालालाही तो दिसत नाही. दिसतो तो गिऱ्हाइकाच्या घरात, कापल्यावर. त्यामुळे पैसे एकाचे जातात आणि नाव दुसऱ्याचं खराब होतं.

दूल्हाभाईंनी ती चार फळं बाजूला सारली आणि म्हणाले, "आमचे वडील साक्याला शिव्या घालत गेले, आता आम्ही घालतोय. सरकार इतकी वर्षं आंब्याच्या संशोधनावर पैसा घालतंय. तो जातो कुठं?"

आमची भाची वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते. ती म्हणाली, "बाबा, साक्यावर पुष्कळ काम झालंय. कितीतरी शोधनिबंध निघालेत."

"निबंध अढीत घालून पिकत नाहीत गं," दूल्हाभाई म्हणाले.

सगळे हसले, भाची तेवढी हसली नाही. रात्री अंगणात बसल्यावर ती आम्हाला म्हणाली, "मामू, बाबा बोलले ते खोटं नाही. पण माझं काम तर निबंध मोजूनच तोलतात. मग मी कुणाच्या तराजूत बसायचं?"

या महिन्याचा लेख त्या प्रश्नावर आहे. संशोधनाला दिलेल्या पैशाचं चीज झालं की नाही, हे ओळखायचं कसं? प्रश्न दिल्लीतल्या समित्यांचा वाटेल, पण तो आपल्या पाटावर कापलेल्या आंब्यापर्यंत येतो आणि आपल्या मुलींच्या शिक्षणापर्यंतही.

पैसा किती, आणि कुणाचा

आपला देश संशोधन आणि विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो. शंभर रुपये कमावणाऱ्या घराने नवं काही शोधण्यासाठी चौसष्ट पैसे बाजूला काढावेत, तसं हे झालं. दक्षिण कोरिया आणि इस्रायल शंभरातले चार रुपयांहून जास्त काढतात. २०२३मध्ये संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये संशोधनासाठी उभे करायचे, त्यातला मोठा वाटा उद्योग आणि खाजगी देणग्यांतून आणायचा, असं ठरलं.

ज्यांनी छोट्या कॉलेजात काम केलंय त्यांना अनुदानाची चाल ठाऊक आहे. ते राजापूरच्या गंगेसारखं येतं. आलं की सगळ्यांची धावपळ, आणि पुन्हा कधी येईल त्याचा नेम नाही. कमी पैसा आणि तोही बेभरवशाचा असेल, तर त्यातला प्रत्येक रुपया कुठे लागला हे विचारायलाच हवं. हा पैसा आकाशातून पडत नाही. काडेपेटी आणि साबण विकत घेणाऱ्या गरिबाने भरलेल्या करातून तो येतो. तो ज्याच्या हाती जातो त्याच्याकडे ती अमानत असते, आणि अमानतीचा हिशेब द्यावाच लागतो. म्हणून दूल्हाभाईंचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो रास्त आहे. फक्त उत्तर कुठे शोधायचं, एवढंच ठरवायचं आहे.

मोजणीची सोपी वाट

सोपी वाट म्हणजे निबंध मोजणं. शास्त्रज्ञ आपलं काम निबंधात लिहितो आणि आधी कुणी काय केलं होतं त्याचा उल्लेख करतो. अमेरिकेतल्या युजीन गारफील्ड यांनी या उल्लेखांची मोठी सूची तयार केली. 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नावाने ती १९६४पासून निघू लागली. कुणाच्या कामाचा आधार कुणी घेतला, हे तीत सापडतं. २००५मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एक सुटसुटीत अंक सुचवला. एखाद्याचे दहा निबंध असे असतील की प्रत्येकाचा उल्लेख किमान दहा वेळा झालाय, तर त्याचा अंक दहा.

या मोजणीला आम्ही नावं ठेवत नाही. संशोधनाचा कल कुठे झुकतोय हे तिच्यातून चांगलं कळतं. कोणत्या प्रश्नावर माणसं तुटून पडली आहेत आणि कोणता प्रश्न वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून आहे, हे दिसतं. बागेत फेरी मारून कोणत्या कलमाला मोहोर आला आणि कोणतं पालवीवरच थांबलं, हे पाहावं तसंच.

पण मोहोर पाहून कुणी पेट्यांचा सौदा पक्का करतं का? एका तुऱ्यावर हजारो फुलं असतात. त्यांतून कणी धरते, कणीतली बरीचशी गळते, सुपारीएवढी झाल्यावर पुन्हा गळते. हजार फुलांमागे एखादं फळ हाती लागलं तरी झाड भरल्यासारखं दिसतं. करारदारसुद्धा बाग घेताना मोहोर बघतो, पण पैसे मोजताना हात आखडता ठेवतो.

संशोधनाच्या दुनियेत मात्र मोहोरावरच पैसे मोजले गेले. नेमणूक, बढती, पदवी, सगळं निबंधांच्या संख्येला बांधलं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५मध्ये पैशाच्या धोरणाविषयी एक निरीक्षण मांडलं होतं, ते आता सगळीकडे लावलं जातं. एखादं माप हेच ध्येय बनलं की ते चांगलं माप उरत नाही. मुलाचा अभ्यास फक्त टक्क्यांवर तोलला की तो अभ्यास सोडून टक्क्यांच्या मागे लागतो, हे कोणत्या आईला सांगायला हवं?

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापलेला असणं आणि दोन परिषदांत काम मांडलेलं असणं सक्तीचं होतं. हेतू चांगला होता. पण लाखो विद्यार्थ्यांना एकदम निबंध छापून हवा झाला, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखी उगवली. त्यांना आळा घालायला आयोगाने २०१८मध्ये चांगल्या नियतकालिकांची यादी करायला घेतली. २०२२च्या नियमांत प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली आणि २०२५मध्ये ती यादीही बंद केली. मापाने दिलेला त्रास मापवाल्यांनाच निस्तरावा लागला.

भाचीलाही असाच एक ईमेल आला होता. इतके हजार भरा, आठवड्यात निबंध छापतो. तिने पैसे भरले नाहीत. "पण ज्यांनी भरले त्यांच्या यादीत माझ्यापेक्षा जास्त निबंध आहेत," ती म्हणाली. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

साक्याची सत्तर वर्षं

आता दूल्हाभाईंच्या चार आंब्यांकडे वळू. १९३०च्या दशकात मुंबई प्रांतातून हापूस बोटीने विलायतेला पाठवून पाहत होते. त्या प्रयोगांवर चीमा आणि दाणी या शेतीतज्ज्ञांनी १९३४मध्ये अहवाल लिहिला. साक्याची शास्त्रीय नोंद तिथपासून सापडते.

पुढे कारण शोधण्यात अनेक हयाती गेल्या. कुणी पिकवण्याच्या पद्धतीला दोष दिला, कुणी खतातल्या कमतरतेला. १९८०च्या दशकात तापलेल्या जमिनीतून वर येणाऱ्या झळांवर संशय गेला, म्हणून झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन घालण्याचा सल्ला आला. पूर्ण पिकण्याची वाट न पाहता चौदा आणे तयार फळ काढलं तर साका कमी लागतो, हे आपल्या बागायतदारांनाही अनुभवाने माहीत झालं. प्रत्येक उत्तरात थोडं तथ्य होतं, पण मुळाशी काय आहे ते हाती लागत नव्हतं.

२००४मध्ये बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 'करंट सायन्स'मध्ये पुरावा मांडला की दोष बाठ्यात आहे. फळ झाडावर असतानाच आतलं बी रुजण्याच्या तयारीला लागतं आणि भोवतीच्या गरातलं पाणी ओढून घेतं. म्हणून बाठ्याजवळचाच गर कोरडा आणि भुसभुशीत होतो. बी वेळेआधी जागं होऊ नये यासाठी त्याच संस्थेने फळ वाढत असताना फवारायचं औषध काढलं. त्याचं नाव 'अर्का साका निवारक'.

१९३४ ते २००४ ही सत्तर वर्षं झाली. आपल्याकडे संशोधनाचा प्रकल्प साधारण तीन वर्षांचा असतो. कल्पना करा, १९८०च्या दशकात झळांवर काम करणाऱ्या कुणाला तीन वर्षांनी विचारलं असतं, "साका गेला का?" उत्तर 'नाही' असंच आलं असतं, आणि पैसा वाया गेला असा शेरा पडला असता. पण आधीच्यांनी एकेक कारण तपासून बाजूला ठेवलं नसतं, तर २००४च्या शास्त्रज्ञांना बाठ्याकडे बघायचं कुणी सुचवलं असतं? 'इथं नाही' हे कळणं हीसुद्धा मिळकत असते. विहीर खणणाऱ्या प्रत्येकाला हे कळतं. हिशेबाच्या तक्त्यात मात्र तिला रकाना नसतो.

एकाच वर्षाची दोन रोपं

राजापूरच्या उत्तरेला दापोली आणि दक्षिणेला वेंगुर्ला. दापोलीला १९७२मध्ये कोकण कृषी विद्यापीठ झालं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र त्याआधीचं, १९५७चं. या केंद्राने १९८१मध्ये दोन वाण दिले. एक आंब्याचा 'रत्ना', नीलम आणि हापूसच्या संकरातून झालेला. दुसरा काजूचा 'वेंगुर्ला-४'.

रत्ना दरवर्षी धरतो, फळ मोठं आणि रेषाविरहित, आणि त्याला साका लागत नाही. म्हणजे साक्याचं एक उत्तर १९८१मध्येच तयार होतं! तरी दूल्हाभाईंच्या बागेत रत्नाची दोनच कलमं आहेत, तीही घरी खायला. का? कारण वाशीच्या बाजारात दलाल 'हापूस' हे नाव ऐकून भाव देतो. २०१८मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही त्याच नावाला.

वेंगुर्ला-४चं नशीब वेगळं. काजूगराला वाणाचं नाव विचारत कुणी नाही. बी मोठं आणि भरघोस असलं की झालं. त्यात १९९०पासून राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली आणि शेतकऱ्याच्या पडीक कातळावर सरकारी खर्चाने कलमं लागली. ती लावायला वेंगुर्ल्याचे वाण हाताशी होते. आज राजापूर तालुक्यात ज्या वरकस जमिनीवर एकेकाळी गवताशिवाय काही नव्हतं, तिथे काजू उभा आहे.

केंद्र तेच आणि साल तेच, तरी एक वाण घरच्या ताटापुरता राहिला आणि दुसरा डोंगरभर पसरला. केवळ 'किती जमिनीवर लागवड झाली' हे मोजलं तर रत्ना नापास ठरेल, आणि हे रत्नावर अन्यायाचं होईल. शास्त्रज्ञाने आपलं काम चोख केलं, बाजाराने त्याला जागा दिली नाही. काजूला योजनेने हात दिला, म्हणून तो पुढे गेला. संशोधनाचं फळ फक्त प्रयोगशाळेत धरत नाही. रस्ता, योजना, दलाल, गिऱ्हाईक या सगळ्यांच्या हातून जाऊन ते पिकतं.

अमेरिकेत झ्वी ग्रिलिकेस यांनी १९५८मध्ये संकरित मक्याच्या संशोधनाचा असा हिशेब मांडला. घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला दरसाल निदान सात डॉलर मिळत होते, असं त्यांचं गणित आलं. हा आकडा जगभर गाजला. पण तो यशस्वी ठरलेल्या पिकाचा आकडा होता, हेही लक्षात ठेवायला हवं. पाणी लागलेल्या विहिरीचाच खर्च धरला आणि कोरड्या गेलेल्या विहिरी विसरलो, तर प्रत्येक पानाड्या महान वाटेल.

नसता पैसा तर काय झालं असतं?

मग खरी परीक्षा कोणती? आमच्या समजुतीप्रमाणे एकच प्रश्न विचारावा: हा पैसा मिळाला नसता तर काय झालं असतं?

बागेतलं उदाहरण घेऊ. कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधनातून पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे आपण ज्याला 'कल्टार' म्हणतो ते, हापूसला वेळेवर आणि दरवर्षी मोहोर आणण्यासाठी बागांत आलं. समजा, ज्या वर्षी तुम्ही ते घातलं त्याच वर्षी थंडीही छान पडली. पेट्या दुप्पट निघाल्या. त्या औषधाने वाढल्या की थंडीने? शेजारी पाच कलमं औषधाविना ठेवली असतील तरच सांगता येईल. आणि उलटी बाजूही आहे. बाग तीन-चार वर्षांच्या कराराने घेणारा गडी शिफारशीपेक्षा जास्त औषध ओततो, आपली वर्षं भरघोस काढतो, आणि दमलेली झाडं मालकाच्या गळ्यात पडतात. त्याच्या वहीत संशोधन शंभर टक्के यशस्वी आणि मालकाच्या वहीत तोटा. हिशेब किती वर्षांचा आणि कुणाच्या वहीतला, हेही विचारावं लागतं.

अनुदानाचीही अशी तपासणी करता येते. अमेरिकेत जेकब आणि लेफग्रेन या दोघांनी २०११मध्ये ती केली. आरोग्य संशोधनाचं अनुदान ज्यांना थोडक्यात मिळालं आणि ज्यांचं थोडक्यात हुकलं, अशांची त्यांनी तुलना केली. अनुदान मिळालेल्यांचे पुढच्या पाच वर्षांतले निबंध सुमारे सात टक्केच जास्त भरले, म्हणजे माणशी एखादा निबंध. एक कारण असं की हुकलेल्यांनी दुसरीकडून पैसा उभा केला. श्रीमंत देशात एक दार बंद झालं की दुसरं ठोठावता येतं. आपल्याकडे छोट्या गावातून आलेल्या मुलीला दुसरं दार कुठे आहे, हा प्रश्न मात्र त्या आकड्यात येत नाही.

आपल्या घरातला हिशेब

तो प्रश्न आपल्या समाजाला नुकताच भेटून गेलाय. २००९मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन आणि पारशी या सहा अल्पसंख्याक समाजांतल्या मुलामुलींना एम.फिल. आणि पीएच.डी.साठी दरमहा रक्कम मिळे. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की ही योजना इतर फेलोशिपांशी मिळतीजुळती आहे, अल्पसंख्याक विद्यार्थी त्या योजनांतही येतातच, म्हणून २०२२-२३पासून ती बंद करत आहोत. त्या वेळी आकडेही पुढे आले: २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ जणांची निवड आणि ७३८.८५ कोटी रुपयांचं वाटप.

या निर्णयावर अनेकांनी संताप व्यक्त केला, आणि तो समजण्यासारखा होता. आमच्या भाचीचा प्रवेश त्यानंतरचा. तिच्या बरोबरीची एक मुलगी घरचा खर्च झेपेना म्हणून पहिल्याच वर्षी शाळेत नोकरीला लागली. पण संतापाच्या पुढे जाऊन ते दोन आकडे पुन्हा वाचा. किती जणांना दिले आणि किती दिले. दोन्ही आकडे घातलेल्या बियाण्याचे आहेत, पिकाचे नाहीत. त्या साडेसहा हजारांहून जास्त मुलांपैकी किती जणांची पीएच.डी. पुरी झाली? किती जणी घराण्यातल्या पहिल्या डॉक्टरेट? त्या आज कोणत्या कॉलेजात शिकवतात, कोणत्या प्रयोगशाळेत आहेत? ज्यांची थोडक्यात हुकली त्यांनी वाट काढली की शिक्षण सोडलं? 'इतर योजना आहेतच' हे बरोबर की चूक, याचं उत्तर फक्त या प्रश्नांत आहे.

सरकारने हा हिशेब ठेवायला हवा होता, हे खरं. पण आपणही कुठे ठेवला? आपल्या गावागावांतल्या अंजुमन, शिक्षण संस्था, जमातीचे ट्रस्ट फी भरायला मदत करतात. वार्षिक सभेत वाचतात की एवढ्या मुलांना एवढे रुपये दिले. टाळ्या पडतात. ती मुलं पाच वर्षांनी कुठे आहेत, हे कुणी वाचून दाखवतं का? २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन आणि प्रशिक्षण संस्था उभारायला मंजुरी दिली. अशा संस्थेकडून पहिल्या दिवसापासून पिकाचा हिशेब मागावा, आणि तो मागण्याचा हक्क राहावा म्हणून आधी आपल्या ट्रस्टच्या वह्या नीट कराव्यात.

आणखी एक गोष्ट राजापूरचीच. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, कशेळी इथल्या कातळांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी वर्षानुवर्षं पायपीट करून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत ती शोधली, नोंदली. गावकरी मुलखाची खूण म्हणून त्यांतली काही आधीपासून ओळखत होतेच. राज्य सरकारने अभ्यासासाठी चोवीस कोटींची तरतूद केल्याची बातमी २०१८ची, आणि युनेस्कोच्या संभाव्य यादीत ही स्थळं आली २०२२मध्ये. म्हणजे आधी चपला झिजल्या, मग पैसा आला. पैसा कुठे दिला एवढंच पाहणाऱ्या मोजणीला हे पहिलं काम दिसलंच नसतं. म्हणून जे काम अनुदानाशिवाय चाललंय त्याच्याकडेही कुणीतरी पाहत राहायला हवं.

पाच कलमं चुन्याची

निघायच्या आदल्या सकाळी दूल्हाभाई आम्हाला बागेत घेऊन गेले. झेला खांद्यावर, मागे भाची. बोलता बोलता आम्ही विचारलं, "दूल्हाभाई, ते साक्याचं औषध कधी फवारलं होतंत?"

"एकदा फवारलं होतं. कुणी म्हणालं म्हणून."

"मग फरक पडला?"

ते थांबले. "कुणास ठाऊक. सगळ्याच बागेला मारलं होतं. त्या साली पाऊसही लवकर आला. लिहून कुठे ठेवलंय?"

त्यांच्याकडे वही आहे. पेट्या किती, कुणाला, काय दराने, हे तीस वर्षांचं तीत आहे. कोणत्या कलमाला काय दिलं आणि किती फळांत साका निघाला, हे एका ओळीतही नाही. ज्या संशोधनाला ते जाब विचारत होते, त्याची परीक्षा घेण्याची जागा त्यांचीच बाग होती, आणि ती परीक्षा कधी झालीच नव्हती. आमचं म्हणणं त्यांना दोष देण्याचं नाही. ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शास्त्रज्ञ निबंध लिहून मोकळे आणि बागायतदार शिव्या घालून मोकळा. दोघांच्या मधली वही कोरी.

भाची म्हणाली, "बाबा, पुढच्या हंगामात दहा कलमं घेऊ. एकाच वयाची, एकाच उताराची. चिठ्ठ्या टाकून पाच निवडू आणि बुंध्याला चुन्याचा पट्टा मारू. त्या पाचांना औषध द्यायचं, बाकीच्या पाचांना नाही. प्रत्येक कलमाची पन्नास फळं घरी पिकवून कापायची आणि किती साके निघाले ते लिहायचं."

"पाचशे आंबे कापायचे?" दूल्हाभाई म्हणाले. "आणि चिठ्ठ्या कशाला? मी चांगली पाच निवडतो की."

"म्हणूनच चिठ्ठ्या," भाची म्हणाली. "चांगली झाडं तुम्ही औषधाला दिलीत, तर गुण झाडाचा की औषधाचा कळणार कसं?"

दूल्हाभाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "आमरस आटवून ठेवू," एवढंच म्हणाले. होकार समजायचा तो समजलो.

वाचकहो, एका बागेच्या दहा कलमांनी साक्याचा निकाल लागणार नाही, हे आम्हाला कळतं. पण राजापूरपासून देवगडपर्यंत पन्नास घरांनी अशी वही ठेवली आणि ती दापोलीच्या किंवा वेंगुर्ल्याच्या शास्त्रज्ञांपुढे ठेवली, तर त्यांना नाकारता येणार नाही अशी ती गोष्ट होईल. फवारणी, खत, काजूचा वाण, मधुमेहाचं औषध, मुलीची शिष्यवृत्ती, कशाबाबतही हेच लागू आहे. किती घातलं ते लिहा. काय निघालं तेही लिहा. आणि न घालता काय निघालं असतं, ते पाहायची सोय आधी करा.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री आम्ही देऊ शकलो नव्हतो. एस.टी.त बसताना एवढं म्हणालो, "बेटा, निबंध लिही, ते लिहावेच लागतात. पण एक प्रत बाबांनाही वाचून दाखव."

ती म्हणाली, "मामू, त्यांना इंग्रजी कुठं येतं?"

"मग मराठीत सांग. त्यांना कळलं की नाही, हेही एक माप आहे."

खुदा हाफिज.